ग्रह, पूर्वग्रह, अढी, हेका: डोक्यात पक्कं बसलेल्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

शिफ्टबदल (धागाकर्ता)

चाकण परिसरातल्या कारखान्यांत लाइन सुपरवायझर मंडळींची प्रशिक्षणं घेतो, मराठीतून. सध्याचा विषय असा, की माणसाबद्दल डोक्यात आधीच पक्कं झालेलं मत कामाच्या वाटपात कसं घुसतं. चांगलं मशिन कुणाला मिळतं, कायम पॅकिंगला कोण ढकलला जातो, रजा कुणाची लगेच मंजूर होते वगैरे. वरून आलेल्या साहित्यात या सगळ्याला एकच शब्द आहे, 'पूर्वग्रह'. तो फळ्यावर लिहिला, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे साडेसातीसारखं का?" बाकीचे हसले. विचारणारा गंभीर होता.

हीच मंडळी चहाच्या टपरीवर हाच विषय इतका फर्मास बोलतात की वही काढून बसावं. "साहेबानं त्याच्या नावावर फुली मारलीय." "कुणीतरी कान भरलेत." "एकदा डोक्यात बसलं की बसलं, ब्रह्मदेव आला तरी हलत नाही." एक जुने टाइमकीपर आहेत, ते म्हणतात, "साहेबांचा ग्रह करून दिलाय कुणीतरी." म्हणजे 'ग्रह' मेलेला नाही, पण पन्नाशीच्या पुढच्यांकडेच उरलाय असं दिसतं.

त्याची क्रियापदं बघा. ग्रह 'झाला' म्हटलं की दोष कुणाचाच नाही. ग्रह 'करून घेतला' म्हटलं की जबाबदारी ज्याचं डोकं त्याची. ग्रह 'करून दिला' म्हटलं की तिसराच माणूस आरोपी. क्रियापद बदललं की पंचनामा बदलतो. 'पूर्वग्रह' या छापील शब्दात ही सोय नाही.

तर तुमच्या घरात, गावात, ऑफिसात याला काय म्हणतात? शब्दकोशातलं नको, तोंडातलं हवं.

उंबरठा

मागच्या बाकावरचा माणूस बरोबर होता, त्याला चहा पाजा.

संस्कृतात 'ग्रह्' म्हणजे पकडणं, धरणं. आकाशातल्या ग्रहांना ग्रह म्हणतात ते माणसाला धरतात या समजुतीनं. राहू सूर्याला धरतो ते ग्रहण. लग्नात हात धरला की पाणिग्रहण. मगरीला संस्कृतात 'ग्राह' म्हणतात, कारण ती धरते आणि सोडत नाही. गजेंद्राचा पाय धरणारा तो हाच, आणि मराठीत दोन बलदंड पक्षांची ओढाताण चालली की आपण 'गजग्राह' म्हणतो. निग्रह, संग्रह, आग्रह, अनुग्रह, गृहीत ही सगळी एकाच मुठीतली. त्यामुळे पूर्वग्रह म्हणजे आधीच धरून ठेवलेलं. साडेसातीत शनी तुम्हाला धरतो, पूर्वग्रहात तुम्ही दुसऱ्याला धरता. फरक एवढाच.

मराठीनं संस्कृत बाजूला ठेवलं तरी 'धरणं' काही सोडलं नाही. हट्ट धरतो, हेका धरतो, राग धरतो, आकस धरतो, डूख धरतो, गृहीत धरतो, "तो येणार नाही असं धरून चाल" म्हणतो. 'धारणा' हा शब्द वेगळ्या धातूचा, 'धृ'चा, पण तोही धरणाराच. आपल्याकडे पक्कं मत हे मेंदूपेक्षा हाताचं काम दिसतंय.

काढा_आणि_चाटण

आमच्या वैद्यकात तर हे शब्दशः आहे. कटिग्रह म्हणजे कंबर धरणं, हनुग्रह म्हणजे जबडा धरणं, तोंड उघडतच नाही. दवाखान्यात पेशंट "कंबर धरलीय डॉक्टर" म्हणतो तेव्हा तो नकळत कटिग्रहाचा मराठी तर्जुमा करत असतो. तान्ह्या मुलांना धरणारे ते बालग्रह, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात असे नऊ सांगितलेत. पूतना त्यातलीच.

यावरून एक सुचलं. धरलेली कंबर माणसाला जाणवते, तो ओरडतो. धरलेलं डोकं ज्याचं त्याला जाणवत नाही, शेजारी ओरडतात.

पहिलंपान

वर्तमानपत्रात उपसंपादक आहे, त्यामुळे क्रियापदांवर माझंही थोडं पोट आहे. 'पूर्वग्रह' बहुतेक वेळा 'बाळगला' जातो. हे 'बाळगणे' एरवी कुठे येतं ते पाहा. 'बेकायदा पिस्तूल बाळगल्याप्रकरणी', 'गांजा बाळगल्याप्रकरणी'. अपेक्षा आणि गुप्तता सोडल्या तर बाळगण्यासारखं चांगलं फारसं काही नाही. म्हणजे शब्द वापरला की समोरच्याची अंगझडती सुरूच झाली. म्हणून कुणी स्वतःबद्दल तो वापरत नाही. "तुमचा पूर्वग्रह आहे" रोज ऐकतो. "माझा पूर्वग्रह आहे" म्हणणारा अजून आमच्या कार्यालयात यायचाय. आपली असतात ती ठाम मतं.

'समज' या शब्दाचीही मजा आहे. मुलाला समज येते ती चांगली. लोकांचा समज असतो तो बहुधा चुकीचा, तरी पुढे 'गैर' लावल्याशिवाय चैन पडत नाही. आणि पोलीस 'समज देऊन सोडतात', ती तर दमदाटी.

राजवाडा_सराफा

इंदूरहून लिहितोय. आमच्या तीन पिढ्या इथल्याच, त्यामुळे मराठी आणि हिंदी एका ताटात जेवतात. हिंदीत हा शब्द 'पूर्वाग्रह' आहे, पूर्व अधिक आग्रह. मराठीत 'पूर्वग्रह', पूर्व अधिक ग्रह. हल्ली मराठी वाहिन्यांच्या पट्टीवरही 'पूर्वाग्रह' दिसतो, तो आमच्याकडून गेलेला पाहुणा. चूक म्हणून नाही म्हणत, पण अर्थाची छटा बदलते. ग्रह मनात गप्प बसू शकतो. आग्रह बोलल्याशिवाय राहत नाही.

याहून मोठा घोळ 'कर्मठ'चा. इथे निवडणुकीच्या फलकावर 'कर्मठ कार्यकर्ता' लिहितात, म्हणजे झटून काम करणारा, स्तुती. पुण्याहून आलेल्या आमच्या मावसभावानं तो फलक वाचून विचारलं, "हा सोवळ्यात प्रचार करतो का रे?"

संत्राबर्फी

@राजवाडा_सराफा, हसून पुरेवाट झाली.

नागपूरकडचं सांगते. आमच्याकडे कुणी 'पूर्वग्रह' म्हणत नाही. "त्याच्या डोक्शात बसलं नं, मंग बसलं" एवढं म्हटलं की विषय संपतो. पण आमच्या घरात याचा एक वेगळा शब्दही कायम होता. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. घरात सम्यक दृष्टी, मिथ्या दृष्टी हे शब्द भाजीपाल्यासारखे वापरात. पालीत 'दिट्ठी' म्हणजे दृष्टी, मत. आणि मताला चिकटून राहणं याला 'दिट्ठुपादान'. उपादान म्हणजे काय, तर पुन्हा धरणंच! चार उपादानं सांगितलीत: विषयसुखाला धरणं, मतांना धरणं, व्रतवैकल्यांना धरणं आणि 'मी'पणाच्या कल्पनेला धरणं. मतांना धरणं हे विषयसुखाला धरण्याच्या रांगेत बसवलंय, हे मला लहानपणी फार विचित्र वाटायचं. आता फेसबुक पाहिल्यावर नाही वाटत.

मज्झिमनिकायात सापाचा दृष्टांत आहे. साप धरायला गेलेला माणूस त्याला शेपटीला किंवा मधेच धरतो, साप उलटून चावतो. नीट धरणारा आधी मान दाबतो. बुद्ध हे स्वतःच्या शिकवणीबद्दल सांगतात. म्हणजे शिकवण चांगली असूनही चुकीची धरली तर चावते. हे 'वाईट मतं सोडा, चांगली धरा' यापेक्षा बरंच अवघड प्रकरण आहे.

नारळीपाक

शब्दांचा कीस चाललाय खरा. सरळ 'अंधश्रद्धा' म्हणा आणि मोकळे व्हा.

पहिलंपान

नाही हो. 'आयटीआयवाला पोरगा कामाला डिप्लोमावाल्यापेक्षा चांगला' असं एखाद्या सुपरवायझरच्या डोक्यात बसलं असेल तर त्यात देव नाही, भूत नाही, लिंबू-मिरची नाही. त्याला अंधश्रद्धा कशी म्हणणार? सरकारनंसुद्धा हा शब्द जपून वापरलाय. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये झालेला जो कायदा आपण सगळे 'अंधश्रद्धाविरोधी कायदा' म्हणतो, त्याच्या अधिकृत नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, 'अंधश्रद्धा' नाही. कायदा कृत्याला हात घालतो. डोक्यात काय आहे ते त्याला दिसत नाही.

नारळीपाक

पण श्रद्धा आणि अंधश्रद्धा यातला फरक ठरवणार कोण? प्रश्न तोच आहे.

संपादक मंडळ

त्या प्रश्नावर इथे आधीच भरपूर धागे आहेत. तिथे चर्चा करा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

मांडवी_सडा

आमच्याकडे, रत्नागिरीत, 'अढी'. "तिच्या मनात अढी आहे." आणि आंबे पिकायला घालतात तीही अढी. दोन शब्दांचं मूळ एक की वेगळं, ते जाणकारांनी भांडून ठरवावं. माझ्या डोक्यात मात्र ते कायमचे एकमेकांत गुंतलेत. आंब्याची अढी घालताना खाली भाताचा पेंढा, त्यावर देठ वर करून आंबे, वर पुन्हा पेंढा. मग उबेत ते पिकतात. पण दर दोन-तीन दिवसांनी हात घालून उलटसुलट करावे लागतात, डाग पडलेला काढून टाकावा लागतो, नाहीतर शेजारचे चार घेऊन बसतो. मनातल्या अढीत असा हात कुणी घालत नाही. आमची एक काकू वाडीतल्या एका घरचं पाणी पीत नाही. कारण तिच्या सासूला माहीत होतं. सासू गेली. कारणही तिच्याबरोबर गेलं. अढी तेवढी आहे.

हातोडा_बारा_वाजता

वकिली करतो, फुकटचा सल्ला देतोय, आनंद घ्या.

तडजोडीच्या पत्रावर आम्ही 'विदाउट प्रेज्युडिस' लिहितो. नवशिका भाषांतरकार त्याचं 'पूर्वग्रहाशिवाय' करतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, वकीलसाहेब फार निर्मळ मनाचे आहेत. तसं काही नाही. त्याचा अर्थ, या पत्रात आम्ही जे देऊ केलंय त्यानं आमच्या हक्काला बाध येत नाही, आणि तडजोड फिसकटली तर हे पत्र आमच्याविरुद्ध दाखवू नका. इथे 'प्रेज्युडिस' म्हणजे नुकसान, बाधा.

त्यांच्या शब्दाचं लॅटिन मूळ म्हणजे 'आधीच दिलेला निवाडा'. त्यांचा शब्द कोर्टातून आला, आपला मुठीतून. वर उंबरठा म्हणतात त्यावरून हे आत्ता लक्षात आलं. निवाड्यावर अपील तरी करता येतं.

पोटमाळा

सभ्य शिव्यांची यादी राहिली की! हेकट, हेकेखोर, अडेलतट्टू, झापडबंद, ठोकळेबाज, गतानुगतिक. यात 'झापडबंद' माझा लाडका, टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांच्या बाजूला लावायच्या झापडांवरून. टांगे गेले, झापडं राहिली.

'पोथीनिष्ठ' हा तर खास मराठी वैचारिक लेखनातला अलंकार. वाटेल की हा भटजीला लावत असतील. छे! सर्वाधिक वेळा तो मार्क्सवाद्यांना लागलाय, आणि लावणारेही पुष्कळदा दुसरे मार्क्सवादीच.

आणि 'अभिनिवेश'. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेश आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. तिथे अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, मरणाचं भय, जे विद्वानालाही सुटत नाही. मराठीत तो घसरून 'अभिनिवेशानं बोलणं' झाला. परिसंवादात एखादा वक्ता मूठ आपटून बोलतो तेव्हा, पतंजलीचं ऐकायचं तर, तो जिवाच्या भीतीनं बोलत असतो. मला हे अगदीच अशक्य वाटत नाही.

दगडीचाळ_नव्हे

सगळे असं बोलताहेत जणू पक्कं धरणं हा रोगच. 'आग्रह'सुद्धा त्याच मुठीतला आहे ना? १९०६ साली जोहान्सबर्गच्या सभेत हिंदी लोकांनी नोंदणीच्या कायद्यापुढे न झुकण्याची शपथ घेतली, तेव्हा त्या लढ्याला नाव नव्हतं. 'इंडियन ओपिनियन'नं वाचकांकडून नावं मागवली. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवलं आणि गांधीजींनी त्याचा 'सत्याग्रह' केला. पुढे १९२७ ला महाडचं चवदार तळं आणि १९३० ला नाशिकचं काळाराम मंदिर, दोन्हीकडे बाबासाहेबांच्या लोकांनी हाच शब्द घेतला. समोरचे सनातनीही त्यांच्या परीनं घट्ट धरूनच बसले होते. मुठी दोन्हीकडे. मग आग्रह कुठला आणि दुराग्रह कुठला?

उंबरठा

चांगला प्रश्न. विनोबा म्हणूनच 'सत्यग्राही' असा शब्द वापरत. सत्याचा आग्रह धरणारा तो सत्याग्रही, आणि समोरच्याजवळचं सत्य घ्यायला तयार असलेला तो सत्यग्राही. धातू तोच, पण इथे हात घ्यायला पुढे झालेला आहे.

माझी कसोटी साधी आहे. आग्रह धरणाऱ्याला "काय झालं तर सोडशील?" असं विचारा. महाडच्या माणसाकडे उत्तर होतं: पाणी भरू द्या, आत्ता उठतो. दुराग्रही माणूस त्या प्रश्नानंच चिडतो.

शिफ्टबदल

"काय झालं तर सोडशील" हे चोरतोय.

वर्गात एक खेळ घेतो तो सांगतो. पीटर वासन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली प्रसिद्ध केलेला. मी म्हणतो, डोक्यात एक नियम धरलाय, २, ४, ६ हे आकडे त्यात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी 'बसतं' किंवा 'नाही बसत' एवढंच सांगणार. नियम सापडला असं वाटलं की चिठ्ठीवर लिहून द्या.

सुरुवात ठरलेली. ८, १०, १२. बसतं. २०, २२, २४. बसतं. १००, १०२, १०४. बसतं. मग आत्मविश्वासानं चिठ्ठ्या येतात, 'दोन-दोननं वाढणारे सम आकडे'. चूक. माझा नियम एवढाच आहे की पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा. १, २, ३ चाललं असतं. ७, ५०, ९०० चाललं असतं. पण ते कुणी विचारतच नाही, कारण सगळे आपलं धरलेलं उत्तर पक्कं करण्यात गुंतलेले असतात. परवा एका वेल्डरनं तिसऱ्याच फेरीला विचारलं, "५, ४, ३?" नाही बसत. मग "३, ४, ९?" बसतं. आणि दोन मिनिटांत नियम लिहून दिला. बाकीच्यांनी विचारलं, तुला कसं सुचलं, तर म्हणाला, "वेल्ड धरलाय की नाही ते ठोकूनच बघतात ना?"

पोटमाळा

वा! आणि उलट बाजूला आपली म्हण, खुंटी हलवून बळकट करणे. हलवतोय असं दाखवायचं, प्रत्यक्षात घट्ट ठोकायची. ८, १०, १२ वाले तेच करत होते.

गावकूस

इतका वेळ वाचतोय. खेळ छान आहे, संस्कृत छान आहे. पण आकड्यांवर कुणाचा राग नसतो. २, ४, ६ ला आडनाव नाही.

पूर्वग्रहाचं महाराष्ट्रातलं रोजचं वाक्य मी सांगतो: "पूर्ण नाव काय?" नाव सांगितलं की मान हलते आणि पुन्हा विचारतात, "नाही, पूर्ण." आडनावावरून उलगडलं नाही की "गाव कुठलं?" गावावरूनही नाही कळलं की "तुमच्याकडे दैवत कुठलं?" तोपर्यंत चेहऱ्यावर हसू असतं, चहा आलेला असतो. मला पुण्यात भाड्यानं खोली शोधताना हे इतक्यांदा झालंय की आता मी स्वतःच तिन्ही उत्तरं एका दमात देतो, म्हणजे निदान चहा वाचतो. कुणीही वाईट बोललं नाही. "कळवतो" म्हणाले.

त्यात ग्रह 'झाला' की 'करून घेतला' की 'करून दिला' यापैकी काहीच लागू पडत नाही. तो घरात आलेलाच असतो, पाळण्यासकट. धागाकर्त्यांच्या कारखान्यात पॅकिंगला कोण ढकललं जातं, त्यांची आडनावं एकदा काढून बघा. मग शब्द शोधू.

मांडवी_सडा

मी वर काकूचं लिहिलं. ते घर कुणाचं ते लिहिलं नाही. तुम्ही ओळखलं असेलच.

गावकूस

वाचलं तेव्हाच ओळखलं.

दगडीचाळ_नव्हे

पण हे फक्त जातीचंच आहे का? पुणेकर खवचट, कोकणातला चेंगट, विदर्भातला आळशी, हेही...

संत्राबर्फी

थांबा. 'विदर्भातला आळशी' म्हणणाऱ्यानं मे महिन्यात चंद्रपूरला दुपारी दोन वाजता रस्त्यावर उभं राहून दाखवावं. त्या वेळेला जो घरात बसतो तो शहाणा असतो. आणि खवचट पुणेकराला त्या खवचटपणापायी कुणी खोली नाकारत नाही. त्याच्या तर पाट्यांचे फोटो काढतात. दोन्हीला एकच शब्द लावला की गावकूस म्हणतात ते पाण्यात विरघळतं.

हातोडा_बारा_वाजता

सहमत. नुकसान होतं का हे पाहा. आमच्या 'प्रेज्युडिस'चा तोच अर्थ आहे, बाध कुणाच्या हक्काला आला.

शिफ्टबदल

गावकूस, बरोबर आहे. खेळानं एवढंच दिसतं की डोकं आपल्या बाजूचेच पुरावे गोळा करतं. ते कुणाविरुद्ध गोळा करतं हे खेळात येत नाही.

पुढच्या तुकडीला 'पूर्वग्रह' फळ्यावर लिहिणार नाही. प्रत्येकाला एक कागद देईन, त्यावर चार प्रश्न:

या माणसाबद्दल माझ्या डोक्यात काय बसलंय?
ते मी पाहिलं, की कुणी सांगितलं?
त्याच्या उलटं काही कधी पाहिलंय का?
काय झालं तर मी हे मत सोडीन?

वर माणसाचं नाव नको, टोकन नंबर टाकायला सांगेन, म्हणजे आडनाव डोळ्यांपुढे येणार नाही. कसं वाटतं?

गावकूस

चौथा प्रश्न ठेवा. टोकन नंबरचं सोडा. लाइनवर एकमेकांचे टोकन नंबर नावापेक्षा जास्त पाठ असतात. नंबर वाचला की माणूस उभा, आडनावासकट.

तिसरीपाळी

मी अशाच एका शेडमध्ये अनेक वर्षं सुपरवायझर होतो. तिसरा प्रश्न लोक कोरा सोडतील, नाहीतर 'नाही' लिहून मोकळे होतील. तिथे आठवण विचारू नका. मशिन वाटपाचं रजिस्टर असतं, गेल्या तीन महिन्यांचं घ्या. कोण कितीदा कुठल्या मशिनवर, कोण कितीदा पॅकिंगला, एवढी बेरीज ज्याची त्याला करायला लावा. नावं झाकू नका. मी एकदा दुसऱ्याच कारणानं ती बेरीज केली होती, ओव्हरटाइमच्या हिशेबासाठी. आकडे पाहून पेन खाली ठेवलं.

रजिस्टर टाइमकीपरकडून घ्या, ऑफिसकडून मागू नका. ऑफिस आधी कारण विचारेल आणि मग फॉर्म देईल.